घाणीवाल्याची पोर तेल खात नाही

आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण ते बघायची वेळ क्वचितच येई. घाणी सुरू झाली की सकाळ झाली आणि घाणी थांबली की जेवायला बसायचं, एवढं सगळ्यांना पाठ होतं. पडवीला लागून एका लांबट खोलीत बाबांची घाणी होती. मोटार गुरगुरायची, पट्टा सटसट वाजायचा आणि त्या दोघांच्या वर घाणीत फिरणाऱ्या लाकडी लाटेचा कुईंकुईं आवाज दिवसभर चालायचा. त्या आवाजात माणसाला माणूस ऐकू येत नसे, म्हणून आम्ही तिघंही, म्हणजे बाबा, माय आणि मी, मोठ्यानेच बोलायचो. लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा पहिले सहा महिने सासूबाईंना वाटायचं की मी सारखी भांडते आहे. मी बिचारी फक्त मीठ मागत असायची. अजूनही फोनवर बोलताना नात मला म्हणते, "आजी, फोन नसता तरी ऐकू आलं असतं." तिला काय सांगू, माझा गळा घाणीपाशी तयार झालेला आहे.

आमचा भाग धानाचा. धान कापणीला आलं की बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, ओल असते, त्याच ओलीवर लोक जवस आणि लाखोळीचं कडधान्य फेकतात. शिमग्याच्या सुमारास ते जवस घरात यायचं आणि आजूबाजूच्या सात-आठ गावांतून पोती भरभरून आमच्या दारात उतरायचं. तेल ज्याचं त्याला जायचं, मजुरी म्हणून थोडं आमच्याकडे राहायचं ते बाबा विकायचे, आणि उरलेल्या चोथ्याची ढेप गाई-म्हशींना. जवसाचं ताजं तेल म्हणजे काय, ते ज्यांनी खाल्लं नाही त्यांना समजावणं कठीण आहे. पिवळंजर्द, किंचित कडवट, नाकात शिरणारं. बाहेरच्या माणसाला तो वास रंगाच्या दुकानातला वाटतो. आम्हाला तो जेवणाचा वाटायचा. माय वांग्याची भाजी करायची तेव्हा वर बोटभर तर्री यायची, आणि ती नसली तर बाबा गंजात डोकावून विचारायचे, "आज भाजी उपाशी आहे का?" मायचा हात सैल होता. डब्यातून तेल ती मोजून घेत नसे, ओतायची. घरात तेलाची विहीर असल्यावर मोजतं कोण? सांबारवडी, भजी, पातोडी, कशालाही निमित्त लागत नसे. मी त्या घरची एकुलती एक लेक. खाणारीही भरपूर होते आणि दिसायचेही तशीच.

आमच्या घाणीचा एक रिवाज होता, आणि माझी सगळी गोष्ट त्या रिवाजाशी अडकलेली आहे, म्हणून तो नीट सांगते. मोसमातला पहिला घाणा निघायचा त्या दिवशी माय नव्या तांदळाचा गंजभर भात रांधायची. जवस घेऊन आलेली माणसं पडवीत बसायची. बाबा घाणीतून निघालेलं तेल तसंच, न तापवता, वाफाळत्या भातावर सोडायचे, त्यात मीठ-तिखट आणि चिरलेला कांदा कालवायचे, आणि पहिला घास द्यायचे घरच्या लेकराला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. लेकरानं खाल्लं की मग बाबा, मग माय, मग आलेले सगळे. भेसळ करणारा माणूस स्वतः एखादा घास गिळूनही दाखवील, पण पोटच्या पोराला चारणार नाही, असा त्यामागचा हिशेब. बाबा लहान असताना त्यांनी तो घास खाल्ला होता, आणि मी बसायला लागल्यापासून मी. लोक माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग पोत्याचं तोंड सोडायचे. मला तेव्हा मोठी राणी असल्यासारखं वाटायचं.

पुढे मी साकोलीच्या कॉलेजात जायला लागले. एस.टी.नं जायचं, एस.टी.नं यायचं. स्नेहसंमेलनात वर्गाचा फोटो निघाला, आणि तो नोटीस बोर्डावर लागला तेव्हा भोवती गर्दी झाली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "ही पाहा घाणीवाल्याची. बापानं काढलेलं सारं तेल हिनंच पेलं." सगळे हसले. मीही हसले, कारण न हसून जाणार कुठे? घरी येताना मात्र बसच्या काचेत सारखं माझं तोंड दिसत होतं आणि ते मला पाहवेना. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वाचनालयात एका साप्ताहिकाचं पान हाती लागलं. बारीक व्हायचं तर स्निग्ध पदार्थ पूर्ण बंद, असं त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं. पूर्ण बंद. मला तेवढे दोनच शब्द दिसले.

त्या दिवसापासून मी तेल सोडलं. नुसतं कमी नाही केलं, सोडलं. मायनं केलेली भाजी मी ताटात घेऊन मोरीवर जायची आणि पाण्यानं धुवायची. हो, धुवायची. वांग्याची फोड पाण्याखाली धरून तिची तर्री घालवताना माय दारात उभी राहून बघत होती, आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला तो आवाज घाणीच्या आवाजातही मला ऐकू आला. शेंगदाणे बंद, तूप बंद, दुधावरची साय बंद. पण भूक काही बंद होईना. मग मी भात वाढवला. भातात कुठे तेल असतं? दोन वेळचा भात मी तीन वेळचा केला, दर वेळी वाडग्यात भाताचा डोंगर, त्यावर पाण्यासारखं वरण. मधल्या वेळेला चहात बुडवून टोस्ट आणि बिस्किटं. ती कशानं खुसखुशीत होतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. धानाच्या मुलखातल्या माणसाला भात हे खाणं वाटतच नाही. श्वास घेतो तसा तो भात खातो. दोन महिन्यांनी साकोलीच्या बसस्थानकावरच्या यंत्रावर उभी राहिले. नाणं टाकलं, चक्र फिरलं, पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडलं. वजन सव्वा किलोनं वाढलं होतं. मागच्या बाजूला छापलं होतं की तुमचे कष्ट फळाला येतील.

केस विंचरताना फणीत गुंता यायला लागला. हातापायांची कातडी भेगाळली, ओठांची साल निघायला लागली. मी मायवर चिडायची, बाबांवर चिडायची, एकदा तर अंगणातल्या कोंबडीवर ओरडले. तरी मी ठाम. मला वाटायचं, अजून कुठून तरी तेल पोटात जातंय, ते शोधून काढलं पाहिजे. आज मोबाइलवर एक गृहस्थ रोज सांगतात की तेल म्हणजे विष, आणि त्यांच्या खालीच दुसरे सांगतात की सकाळी उठून वाटीभर तूप प्या. दोघांच्याही आवाजात तोच ठळक अक्षरांचा ठसका असतो. मी दोघांनाही बंद करते आणि कामाला लागते.

तर अशा दिवसांत शिमगा आला आणि पहिला घाणा लागला. पडवीत पंधरा-वीस माणसं बसली होती. त्यांत शेजारच्या गावच्या सोनाबाई होत्या. वयानं मायपेक्षा मोठ्या, शेती स्वतः बघणाऱ्या. त्यांनी म्हटलं की त्यांचं अर्धं गाव आमच्या घाणीवर यायचं आणि त्यांनी नाक मुरडलं की तेच अर्धं गाव दुसरीकडे वळायचं. बाबांनी भात कालवला, घास उचलला आणि माझ्यापुढे धरला. नव्या तेलाचा वास आला आणि माझ्या तोंडाला सपकन पाणी सुटलं. तरी मी मान मागे घेतली.

"मले नको. मी तेल खाऊन नाही राहिली."

मोटार बंद होती. सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं. बाबांचा हात क्षणभर तसाच राहिला. मग काहीच न झाल्यासारखं त्यांनी तो घास स्वतःच्या तोंडात घातला आणि म्हणाले, "पोरगी कॉलेजात जाते. तिथलं काही तरी असन." लोकांनी खाल्लं, पण चवीनं नाही. सोनाबाईंनी घास जिभेवर घोळवला, नाकाशी धरला आणि उरलेला भात ताटाच्या कडेला सारला. जाताना त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं नाही. पोतं आलं तसंच बैलबंडीवर चढलं.

मला काहीही कळलं नाही. मी माझ्या व्रताच्या मोठेपणात होते. आठवड्याभरानं सकाळी कॉलेजला जाताना बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोन बाया बसल्या होत्या. एक दुसरीला सांगत होती, "त्या घाणीवर नको नेऊ बाप्पा जवस. घाणीवाल्याची पोरच आपल्या घरचं तेल खात नाही. आपल्या डोळ्यानं पाह्यलं सोनाबाईनं. काय मिसळवते कोणाले माहीत." मी पदर तोंडावर घेतला आणि साकोलीपर्यंत बाहेर बघत बसले. कॉलेजात गेलेच नाही. परतीच्या बसनं घरी आले. अकरा वाजता आमच्या दारात घाणीचा आवाज नव्हता. मोसमाच्या भरात, अकरा वाजता! बाबा पडवीत बसून पट्ट्याला मेण लावत होते. त्याला मेणाची गरज नव्हती. घाणी चालते ती फार तर दोन महिने, आणि त्या दोन महिन्यांवर आमचं वर्ष उभं असायचं. माझ्या एका नकारानं बाबांचं नाव गेलं होतं, आणि त्या नावाखेरीज घाणीवर काय होतं? लाकूड आणि लोखंड.

माय चुलीपाशी होती. मला पाहून तिचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. "एक घास खाल्ला असता तं काय मेली असती का वो? तीन पिढ्या झाल्या या घाणीले. कोणी बोट नाही दाखवलं."

मी रडत रडत बाबांसमोर गेले. म्हटलं, "बाबा, आजच लोकायले बोलवा. सगळ्यायसमोर खातो मी. वाटीभर खातो."

बाबांनी मेणाचा गोळा खाली ठेवला. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "नाही," ते म्हणाले. "भेवानं खाल्लेला घास लोकायले दिसते. अन् मले बी दिसन. तू मले हे सांग, तू कायले सोडलं?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. फोटो, हसणं, साप्ताहिकाचं पान, बसस्थानकावरचं यंत्र. बाबा ऐकत राहिले. त्यांनी माझे हात हातात घेऊन भेगा पाहिल्या. मला वाटलं, आता ते म्हणतील की जाडी असली तर असू दे, आपल्याला काय करायचंय. आमच्याकडे बहुतेक बाप तेच म्हणाले असते. पण ते म्हणाले, "बारीक व्हायचं आहे तं होय. त्यात वाईट काय? पण किती खायचं हे कोणाले तरी विचारलं पायजे ना बेटा. म्या एवढं तेल काढलं जन्मभर, मलेच नाही माहीत माणसानं किती खावं ते."

दुसऱ्या दिवशी, मोसमातल्या बाजाराच्या दिवशी, बाबांनी घाणीला कुलूप लावलं आणि मला घेऊन भंडाऱ्याला निघाले. ज्या दिवशी दार उघडं ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघायची, त्या दिवशी ते डॉक्टरकडे चालले होते. मायनं बरोबर डबा दिला. डब्यात दोन कप्पे होते, एक तेलाचा आणि एक बिनतेलाचा. माझी माय अशी होती.

डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली, आणि मी दिवसभरात काय खाते ते एकेक करून विचारलं. भाताचे तीन डोंगर ऐकून त्या हसल्या, टोस्ट ऐकून आणखी हसल्या. मग बाबांनी विचारलं, "बाई, माणसानं दिवसाचं तेल किती खावं?"

"तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"तेलाची घाणी आहे जी."

बाईंनी चष्मा काढला आणि बाबांकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे बघ मुली, वजनाला वजन धरलं तर तेलात तांदळाच्या दुपटीहून जास्त ताकद भरलेली असते. म्हणून ते सैल हातानं घ्यायचं नाही. पण म्हणून सोडायचंही नाही. कातडीला लागतं, केसांना लागतं, भाजीतले काही गुण तेलाशिवाय अंगी लागत नाहीत. आणि थोडं तेल पोटात गेलं की भूकही थांबते. तू ते काढून टाकलंस आणि त्या जागी भात भरलास. दिवसाचे चार चहाचे चमचे तेल. फोडणीतलं, तळणातलं, चटणीतलं सगळं त्यात धरून. तूप, शेंगदाणे खाल्लेस तर चमचा तेवढा कमी. भात निम्मा, भाजी दुप्पट, आणि सकाळ-संध्याकाळ चालायचं. महिन्याला किलो-दीड किलो उतरलं तरी पुष्कळ. घाई करणाऱ्याचं उतरलेलं परत येतं."

बाहेर पडल्यावर मला वाटलं झालं, पण बाबा मला घेऊन भांड्यांच्या दुकानात शिरले. भंडाऱ्यात पितळेला काय कमी? त्यांनी दुकानदाराला पितळेच्या लहान पळ्या काढायला लावल्या, बारा-पंधरा प्रकारच्या, आणि त्यांतली एक उचलून ते तडक डॉक्टरीणबाईंकडे परत गेले. टेबलावरच्या औषधाच्या झाकणानं पाणी मोजून बाईंनी पळी भरली. बरोबर दोन चमचे बसत होते. सकाळी एक पळी, संध्याकाळी एक. बाबा पुन्हा दुकानात गेले आणि तशाच चार डझन पळ्या बांधायला सांगितल्या. मी विचारलं, एवढ्या कशाला? ते म्हणाले, "असू दे."

घरी आल्यावर मायच्या सैल हातात ती पळी आली. पहिले दोन दिवस तिला रडू येत होतं. "एवढ्यात कढई तरी वली होईन का?" ती म्हणायची. मग तिनं जाड बुडाची कढई काढली, झाकण ठेवून भाजी शिजवायला शिकली, आणि आठवडाभरात तिची ती तेलकट भाजी अशी काही झाली की वांग्याला वांग्याची चव असते हे आम्हाला तिघांनाही कळलं. मी रोज सकाळी गरम भातावर अर्धी पळी कच्चं तेल घ्यायची, अर्धी भाजीत. आठव्या दिवशी ओठांची साल निघायची थांबली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाबांनी आमच्या स्वतःच्या बांधीतलं जवस काढलं आणि घाणी लावली. मायला म्हणाले, गंजभर भात टाक. माय म्हणाली, एका मोसमात दोनदा पहिला घाणा कुठं असते का? पण तिनं भात टाकला. बाबा मला खा म्हणाले नाहीत, बस म्हणाले नाहीत. बाजाराला जाणारे लोक दारात थबकले, काही कुतूहलानं आत आले. सोनाबाईही आल्या, रिकाम्या हातांनी, आणि खांबाला टेकून बसल्या. मी माझं ताट घेतलं, सगळ्यांच्या पुढे जाऊन बसले आणि बाबांसमोर ताट धरलं. बाबांनी पितळेची पळी बुडवली, काठोकाठ भरून माझ्या भातावर सोडली आणि थांबले. मी भात कालवला आणि पहिला घास खाल्ला.

"आता लोक बोलले म्हणून खाऊन राहिली पोर," सोनाबाई म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येत नसे.

"आठ दिवसांपासून खाऊन राहिली," बाबा म्हणाले. "डॉक्टरीणबाईनं सांगतलं तेवढं. वजन कमी करून राहिली ते. तिनं चूक केली का सारंच सोडलं, अन् आपण चूक करतो का मोजतच नाही." आणि त्यांनी पळ्यांची गठडी सोडून प्रत्येकाच्या हातात एकेक पळी ठेवायला सुरुवात केली. "हे डब्यात ठेवजा. माणशी सकाळी एक, सांजच्याले एक. भजे केले तं त्या दिवशी भाजीत नाही."

सोनाबाईंनी पळी उलटीसुलटी करून पाहिली. "एवढंसं? मंग तुझं तेल खपन कसं गा?"

"कमी खपन."

सोनाबाईंनी पळी कमरेला खोचली. मग त्या पुढे सरकल्या, ताट ओढलं आणि म्हणाल्या, "वाढ. कमी खा म्हणणारा माणूस मिसळवन कायले?" त्यांनी खाल्लं, बोटं चाटली, आणि उठता उठता माझ्या डोक्यावर हात ठेवून बाबांना विचारलं, "अन् पोरीनं खाल्लंच नसतं तं?"

"तं घाणी बंद पडली असती," बाबा म्हणाले. "पडली तं पडली. तिच्या तोंडात घास कोंबला नसता म्या."

त्यांनी ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की लोकांना त्यात काही विशेष वाटलं नसावं. तिसऱ्या दिवशी सोनाबाईंची बंडी दारात उतरली, मागून त्यांचं गावही आलं. घाणी पुढे कित्येक वर्षं चालली, पूर्वीइतकी नाही, पण मानानं चालली. माझं वजन उतरायला वर्ष लागलं आणि ते पुन्हा तसं कधी चढलं नाही. आयुष्यात मला चांगली माणसं पुष्कळ भेटली, पण माझ्या लाजेसाठी स्वतःचा धंदा पणाला लावणारा माणूस एकच भेटला, आणि तो मला जन्मानंच मिळाला होता. हे त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती.

त्या दिवशी पडवीत माझे डोळे भरून आले होते, भात दिसत नव्हता. काहीतरी करायला हवं म्हणून मी ताट पुन्हा बाबांपुढे धरलं आणि म्हटलं, "बाबा, आणखी एक पळी."

बाबांनी पळी तेलाच्या भांड्यात परत ठेवली.

"सकाळची झाली तुझी," ते म्हणाले. "आता सांजच्याले."